वृक्कधमनीची ‘गतिशीलता’
ठाण्याच्या नौपाड्यातून एका ताईंनी विचारलंय: बाबांच्या पोटातल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगवटा आलाय, आत स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, बसवायचं ठरलंय. हाती आलेल्या माहितीपत्रकात ‘यानंतर वृक्कधमन्यांची गतिशीलता घटते’ असं वाक्य आहे. (वृक्कधमनी म्हणजे मूत्रपिंडाला, किडनीला, रक्त पुरवणारी धमनी.) बाबांनी त्याचा अर्थ ‘किडनीला रक्त कमी मिळणार’ असा घेतला. गतिशीलता हा शब्द इथे बरोबर आहे का?

ताई, मला तो साफ चुकीचा वाटतो. धमनी म्हटल्यावर गती रक्ताचीच आठवणार, त्यात बाबांचा काय दोष? म्हणायचंय ते असं. श्वास घेतला की श्वासपटल खाली येतं, त्याबरोबर मूत्रपिंडंही खाली सरकतात. सोडला की वर जातात. वृक्कधमनीचं मूळ मात्र महाधमनीत, पाठीच्या कण्यासमोर, जवळजवळ स्थिर असतं. एक टोक पक्कं आणि दुसरं हलतं, म्हणून मधली धमनी दर श्वासाला थोडी वाकते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: लवणं. खोडात घट्ट असलेली फांदी वाऱ्याने लवते, तशी. ‘लवचीक’ही त्याच कुळातला.

ग्राफ्टचं वरचं टोक बहुधा वृक्कधमन्यांच्या लगत घट्ट बसवतात. काहींची उघडी जाळी त्यांच्या तोंडांवरून वरही जाते. फुगवटा फार वर पोचला असेल, तर ग्राफ्टला खिडक्या ठेवून त्यांतून प्रत्येक वृक्कधमनीत छोटा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, घालतात. तेवढा भाग ताठ होतो. मग वाकण्याचा ताण स्टेंट संपतो तिथे, पुढच्या मोकळ्या धमनीवर येतो. तिथे ती मुडपत तर नाही ना, हेही नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये पाहतात.

म्हणूनच इथे ‘स्प्रिंग बसवली’ हा आपला नेहमीचा शब्दप्रयोगही मी टाळेन. स्प्रिंग म्हटलं की दबणारी, उसळणारी वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि इथला सगळा मुद्दा ताठपणाचा आहे. स्टेंटला स्टेंटच म्हणावं. धमनीला ‘रोहिणी’ म्हणा की ‘धमनी’, माझी हरकत नाही. फक्त एका पत्रकात एकच शब्द असावा.

मी ते वाक्य असं लिहीन: ‘ग्राफ्ट बसवल्यावर मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी श्वासाबरोबर पूर्वीइतकी लवत नाही. याचा अर्थ तिच्यातलं रक्त कमी झालं असा नाही.’

आणि बाबांच्या वृक्कधमन्यांत वेगळे स्टेंट जाणार आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पत्रकातून ते कळत नाही.