स्वस्तातला गेमिंग पीसी : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

फुल एचडी मॉनिटर घरात आहे, व्हॅलोरंट खेळायचंय. ‘आय-७’वाला वापरलेला पीसी ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डासह मिळतोय. घेऊ का? (सिडको)

नका घेऊ. आय-७ कितव्या पिढीचा, हे आधी विचारा. स्वस्तात मिळतो तो बऱ्याचदा ३७७० असतो : २०१२चा, चार कोअर, आठ थ्रेड, डीडीआर३ रॅम. आय-३ १२१००एफसुद्धा चार कोअर, आठ थ्रेडचाच, पण तो याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) लागतं. इतक्या जुन्या बोर्डावर टीपीएम २.० सहसा नसतंच.

नवीन जुळवायचा तर राइझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरच्या खोक्यातच कूलर येतो, वेगळा घेऊ नका. बी४५० बोर्ड घेणार असाल तर त्यातलं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) राइझन ५०००साठी अपडेट केलेलं आहे ना, हे दुकानातच बघा; नसेल तर पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील. दुकानदाराने आरटीएक्स ३०५० कार्ड सुचवलं तर ६ जीबी की ८, ते विचारा. नाव एकच, पण ६ जीबीवाल्यात २,५६० ऐवजी २,३०४ कोअर आहेत. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवा आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा समोरची बंद काच फार महागात पडते.

कॅबिनेटबरोबर ‘५०० वॅट’चा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फुकट मिळतोय. चालेल? (सातपूर)

मोठ्या अक्षरातला आकडा सोडा. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. १८ असतील तर १२ × १८ = २१६ वॅट, बस्स. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट घेतं, प्रोसेसर ७६पर्यंत जातो, वर पंखे आणि एसएसडी. मग डेस्कटॉपवर सगळं सुरळीत आणि गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या. कार्डाची ८ पिनची केबल त्याचीच असावी, मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या प्लगचं) कन्व्हर्टर नको.

जुन्या वाड्यात राहतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का? (पंचवटी)

एसएमपीएस बहुधा ठीक आहे, घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची वायर तुटकी असली की बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण चालू पीसीला एचडीएमआय केबल जोडताना पोर्ट जळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासा : फेज-अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच यायला हवेत. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देण्याचा जुगाड कुणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला, की अख्ख्या कॅबिनेटमध्ये २३० व्होल्ट उतरतात. खर्च झाला तरी चालेल, पण अर्थिंग नवीनच घाला.

राइझन ५ ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) आणि १६ जीबीची एकच रॅम. वेगळं कार्ड नाही, गेम अडखळतात. (नाशिक रोड)

तुमचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं आणि एकाच पट्टीमुळे वाट निम्मी झाली आहे. तशीच दुसरी घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा, मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड ३२०० दिसायला हवा. २४०० किंवा २६६६ दिसला तर एक्सएमपी लागलेलं नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त पडेल का? (इंदिरानगर)

तिकीट धरून हिशोब करा. फरक हजार-दीड हजारांचा असेल तर इथे नाशिकमध्येच घ्या, वॉरंटीसाठी खेटे वाचतील. कुठेही घ्या, बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर हवा.