धूमकेतू गेल्यानंतरचे आकाश

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबर 2024 मध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला पाहिलेल्या त्सुचिन्शान-ॲटलस धूमकेतूविषयीचे तुझे पत्र मी दोनदा वाचले. तो आता नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला, म्हणून मोठी दुर्बीण घेण्याचे तुझ्या मनात आहे. ती घाई तूर्त करू नकोस. (जाहिरातीत ‘पाचशे पट मोठे’ दाखवणाऱ्या दुर्बिणींपासून तर चार हात लांबच राहा.)

मला हा नाद लावला तो 1997 च्या एप्रिलमध्ये वायव्येला, ययाती तारकासमूहात आलेल्या हेल-बॉप धूमकेतूने. धुळीची पिवळसर, किंचित वाकलेली आणि आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, वायूची निळसर, सरळ अशा दोन शेपट्या त्याला होत्या. पण मी आकाशाकडे नेमाने पाहू लागलो, ते तो कसा सापडला हे वाचल्यावर.

23 जुलै 1995 च्या रात्री अमेरिकेत ॲलन हेल आणि थॉमस बॉप आपापल्या ठिकाणी धनू राशीतील एम 70 हा तारकागुच्छ पाहत होते. शेजारी एक अंधूक ठिपका होता. हेल यांनी तोच गुच्छ दोनेक आठवड्यांपूर्वी पाहिला असल्यामुळे हा पाहुणा नवा आहे हे त्यांच्या ध्यानात आले. बॉप यांच्याकडे तर स्वतःची दुर्बीणही नव्हती, ते मित्राच्या दुर्बिणीला डोळा लावून होते. गंमत अशी, की यातला ‘एम’ म्हणजे शार्ल मेसिए, अठराव्या शतकातील फ्रेंच धूमकेतूशोधक. धूमकेतूसारखे भासणारे, पण ताऱ्यांमधली आपली जागा न सोडणारे पुंजके फसवू नयेत, म्हणून त्याने त्यांची यादीच केली होती, आणि हेल-बॉप सापडला तो त्या यादीतल्याच एका पुंजक्याशेजारी.

तेव्हा तूही त्या यादीपासून आरंभ कर. नोव्हेंबरात, चंद्र नसलेल्या रात्री नऊच्या सुमारास, शहराच्या उजेडापासून दूर उत्तरेकडे तोंड करून मान वर केलीस, की शर्मिष्ठा तारकासमूहाच्याही वर देवयानी तारकासमूहात एक धूसर डाग दिसेल. ती एम 31 दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर. साधी 10 बाय 50 ची (दहा पट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री त्यासाठी पुष्कळ झाली. डागाभोवतीचे तारे वहीत काढ, आठवड्याने पुन्हा काढ. दोन्ही चित्रांत डागाची जागा वेगळी आली, तर चूक पेन्सिलीची समज. तरीही चित्रे पाठव, आणि खोडरबर मात्र वापरू नकोस.

तुझा,
आकाशातला जुना सोबती