लिहित्या हातांसाठी : ब्लॉग नारळी पौर्णिमेला, लेखन मासेमारीबंदीच्या दिवसांत

प्रश्न : मी खार दांड्याची. आई वांद्र्याच्या बाजारात मासळी विकायची, आता गुडघ्यांमुळे घरीच असते. मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. आमच्याकडची मासळी, तिची कोळी नावं, ती कशी पारखायची, कशी साफ करायची, आमचे सण, यावर मराठीत ब्लॉग सुरू करायचा आहे. नारळी पौर्णिमेचा मुहूर्त धरला आहे. तीन लेख लिहून झालेत आणि चाळीस विषयांची यादी तयार आहे. भाचा म्हणतो, ‘मावशी, टाक ना, पुढचं पुढे बघू.’ मैत्रीण म्हणते, पंचवीस लेख झाल्याशिवाय सुरूच करू नकोस. नेमके किती लेख हाताशी हवेत? ओल्या बोंबलावरचा एक लेख सोबत वाचायला पाठवते आहे.
– एक वाचक, खार दांडा

उत्तर : ताई, दहा. चार पहिल्या दिवशी वाचकांसमोर आणि सहा तुमच्याजवळ राखीव. हा आकडा तुमच्यापुरता आहे, तो कसा काढला ते सांगते.

नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत साधारण अडीच महिने. नोकरी, घर आणि आईचं दुखणं सांभाळून तुम्हाला पंधरवड्याला एक लेख जमेल, आठवड्याला एक ओढाताणीचा होईल. पंधरवड्याला एक या हिशेबाने दिवाळीपर्यंत पाच लेख लागतात, आणि एक जास्तीचा. म्हणजे मधल्या काळात घरात कुणी आजारी पडलं, शाळेत तपासणी आली, गणपतीत पाहुणे आले, तरी ब्लॉग थांबत नाही. आणि पंधरवड्याला एक लेख म्हणजे कमीपणा आहे असं अजिबात मानू नका. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी आपल्या याच मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं ते पाक्षिक म्हणून. मे महिन्यात ते साप्ताहिक झालं. आधी जमेल त्या गतीने सुरुवात करावी, मग वाढवावं. आठवड्याला लेख देतो असं सांगून महिनाभराने गप्प झालेलं लिखाण वाचक पुन्हा उघडून बघत नाही.

आता चाळीस विषयांच्या यादीबद्दल. ती जपून ठेवा, पण साठ्यात धरू नका. मी बरीच वर्षं एका दैनिकाची पुरवणी सांभाळली. पान लावायला बसल्यावर ‘विषय डोक्यात आहे, लिहितो’ म्हणणाऱ्या लेखकाचा काही उपयोग नसतो. हातात असतो तोच मजकूर पानावर जातो. म्हणून आमच्याकडे राखीव मजकुराचं एक पाकीट कायम असायचं, आणि त्यात जाणारा लेख शीर्षक, फोटो, फोटोओळी आणि तपासलेली नावं यांसकटच जायचा. फोटो राहिलाय, एक माहिती विचारायची राहिलीय, असा लेख त्या पाकिटात जात नसे. ऐन वेळी जी गोष्ट मिळत नाही ती नेमकी तीच असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

या कसोटीवर तुमचा बोंबलाचा लेख पाहू. लेख मला मनापासून आवडला. आईचं बोलणं त्यात जसंच्या तसं उतरलं आहे, ते कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका. पण तो अजून तयार नाही. तुम्ही लिहिलंय, ‘बोंबील ताजा बघून घ्यावा.’ कसा बघायचा? तुमच्या आईला ते लांबून कळतं. घाटकोपरला राहणाऱ्या, घरात कधी मासळी न आणलेल्या मुलीला कळत नाही, आणि तुमचा ब्लॉग उघडणार आहे ती. अंग चकचकीत आणि घट्ट हवं, तोंडाशी लालसर झाक हवी, पिवळट पडलेला नको, हे आईला विचारून एकेक लिहा. पुढे तुम्ही म्हणता, ‘साफ करून, दाबून, मसाला लावावा.’ यातल्या ‘दाबून’ या शब्दातच सगळा बोंबील आहे. डोकं आणि पर काढायचे, पोटाकडून उभी चीर द्यायची, मधला काटा सोडवून मासा पुस्तकासारखा उघडायचा, आणि पाटाखाली किंवा वरवंट्याखाली दाबून त्याचं पाणी जाऊ द्यायचं. हे केलं नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो. किती वेळ दाबायचा, वजन कशाचं ठेवायचं, खाली काय अंथरायचं, मीठ आधी लावायचं की नंतर? तुमच्या घरात जे करतात ते लिहा. उघडलेल्या बोंबलाचा एक फोटो आणि दाबून ठेवलेल्याचा एक फोटो घ्या. एवढं झालं की हा लेख राखीव पाकिटात टाका.

तुमच्या विषयात एक अडचण आहे, जी बाकी कुणाला येत नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते. तुम्ही नारळी पौर्णिमेला सुरुवात करणार, म्हणजे त्याआधीचे दोन महिने बाजारात नेहमीसारखी ताजी मासळी नसणार. बर्फातली, नदीची, थोडीफार बिगरयांत्रिकी होडीतली मिळेल. त्यामुळे जे फोटो ताज्या मासळीचे हवेत ते मे संपण्याआधी काढून ठेवा. यादीतले सगळे चाळीस मासे नकोत, ज्या दहा लेखांचा विचार केलात तेवढ्यांचेच काढा. एखाद्या पहाटे ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जाऊन या, लिलावाच्या वेळेचा उजेड आणि ढीग वांद्र्याच्या बाजारात मिळणार नाहीत. लिलाव करणाऱ्या बायांचे फोटो मात्र त्यांना विचारूनच घ्या. तुम्ही तर त्यांच्यातल्याच आहात, नाही म्हणणार नाहीत.

आणि बंदीचे दिवस लिहायला ठेवा. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी शिवायला घेतलेली असतात, एरवी समुद्रावर असणारी माणसं दुपारची घरी भेटतात. तुम्हाला ज्यांच्याकडून विचारून घ्यायचं आहे ते सगळे याच काळात बोलायला मोकळे. जून आणि जुलैत तुमचे सात लेख व्हायला हवेत, कारण तीन हाताशी आहेतच (बोंबलाचं तेवढं पुरं करा). वर्षभरात एवढा निवांतपणा तुमच्या वस्तीला पुन्हा मिळत नाही.

आता कोणते लेख आधी द्यायचे. नारळी पौर्णिमेला तुमच्याकडे होड्या सजतात, समुद्राला नारळ दिला जातो, दांड्यात उत्साह असतो. पण तो श्रावण आहे. तुमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत तेव्हा मासळी शिजत नाही. मग भाद्रपदात गणपती. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य असतो, बाकी बरीच घरं विसर्जनापर्यंत थांबतात. म्हणून सुरुवातीचे चार लेख तळणीचे नकोत. पहिला सणावरचा असू द्या, तुमच्या घरात त्या दिवशी सकाळपासून काय काय होतं ते सांगणारा. दुसरा नावांचा : बाजारात ‘पापलेट’ म्हणतात त्याला तुम्ही सरंगा म्हणता, असे जोडीचे शब्द एकत्र करा. हा लेख लोक वर्षानुवर्षं शोधत येतील. तिसरा खास पापलेटचा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी होती. तळहातापेक्षा लहान पापलेट का विकत घेऊ नये, पिलं अशीच धरली गेली तर पुढे काय, हे तुमच्या आईसारख्या विकणाऱ्या बाईच्या तोंडून आलं तर त्याला वजन येईल. चौथा सुक्या मासळीचा : सुके बोंबील, सोडे, जवळा, आणि त्यांची बरणी पावसाळ्यात कशी कोरडी ठेवायची. बोंबील, सुरमई आणि बाकी रांधण्याचं सगळं अनंत चतुर्दशीनंतर एकेक करून सोडा. तेव्हा बाजारही भरलेला असेल आणि वाचकही भुकेला असेल.

भाच्याचं म्हणणं मला पटत नाही. तो पाहतो रील्स. तिथे आजचं आज चालतं. तुमच्याकडे कुणी बोंबलासाठी येईल, तो लेख वाचून झाल्यावर आणखी काय आहे म्हणून बघेल, आणि पुढे काहीच नसेल तर निघून जाईल. मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे, तिला काय सांगायचं ते पुढच्या उत्तरात येईल.

तांत्रिक बाजू भाचा सांभाळेल, त्याला तीन गोष्टी सांगा. वर्डप्रेस वापरणार असाल तर सेटिंगमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ करून घ्या. नाहीतर सकाळी आठला शेड्यूल केलेला लेख दुपारी दीडला दिसेल. तयारी चालू असताना सर्च इंजिनांना लांब ठेवायची खूण करता येते, ती मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आठवणीने काढा. आणि फोनवरचे फोटो आकाराने लहान करूनच चढवा. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याच्या फोनवर पान पटकन उघडायला हवं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, जन्मापासून गिरगावात. इथल्या चाळी, वाड्या, दुकानं यांवर ब्लॉग काढायचा म्हणून दोन-तीन वर्षं लिहितो आहे. साठ-सत्तर लेख तयार आहेत. शंभर झाले की सुरू करायचा संकल्प आहे. बरोबर आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, शंभरासाठी थांबू नका. या महिन्यातच सुरू करा.

तुम्ही लिहिलेलं उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही. पण गिरगाव तुमच्यासाठी थांबलेलं नाही. तुमच्या लेखांत मेट्रोच्या कामाचे पत्रे, खोदलेला रस्ता, बंद झालेली वाट असा उल्लेख कुठे असेल तर तो काढा, कारण ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानकं चालू आहेत. एखाद्या दुकानाबद्दल ‘आजही इथे मिळतं’ असं लिहिलं असेल तर चालत जाऊन पाहून या. एखादी चाळ पुनर्विकासाला गेली असेल. साठा फार मोठा झाला की त्यातलं निम्मं पुन्हा तपासावं लागतं, आणि ते काम नवीन लिहिण्यापेक्षा जास्त थकवतं. पंचवीस लेख झाल्याशिवाय सुरू करू नकोस म्हणणाऱ्या खार दांड्याच्या मैत्रिणीलाही मला हेच सांगायचं आहे.

एका दुपारी सगळे लेख समोर घ्या आणि दोन गठ्ठे करा. ज्यातली माहिती बदलत नाही तो एक : केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला गणेशोत्सव, खोताच्या वाडीतली घरं कशी बांधलेली आहेत, तुमच्या चाळीत नळाला पाणी यायच्या वेळेवरून होणारी भांडणं. ज्यात ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘हल्ली’ आहे तो दुसरा. दुसऱ्या गठ्ठ्यातले चांगले लेख आधी तपासून आधी छापा, कारण तेच जुने होणार. पहिला गठ्ठा तुमच्याकडे वर्षभर पुरेल आणि त्याला काही होणार नाही. आठवड्याला एक लेख तुम्हाला सहज झेपेल.

शिवाय शंभर लेख एकट्याने लिहून झाल्यावर वाचकांना बोलायला जागा राहत नाही. तुमच्या पाचव्या लेखावर कुणी बोरिवलीहून लिहील की आम्ही त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर होतो, आमच्याकडे फोटो आहे. त्या पत्रातून जो सहावा लेख निघेल तो तुमच्या पेटीत आज नाही, आणि तो मला वाचायचा आहे.

प्रश्न : पाच लेख तयार आहेत पण माझ्याकडे फोटो नाहीत. गूगलवरचे वापरले तर चालतं का? खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहीन.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोवर हक्क असतो तो काढणाऱ्याचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा, आणि काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. ‘सौजन्य : इंटरनेट’ या ओळीने परवानगी मिळत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर मोकळ्या परवान्याचे फोटो मिळतात. प्रत्येक फोटोखाली कुणाचं नाव आणि कोणता परवाना लिहायचा ते तिथेच दिलेलं असतं, ते तसंच उतरवा. पाचपैकी ज्या दोन-तीन लेखांचे फोटो मुलुंडमध्येच काढता येतील ते रविवारी सकाळी जाऊन काढा. उरलेले लेख फोटोशिवाय द्या. शब्द चांगले असतील तर वाचक थांबतो.