गच्ची दिलीत पंचवीस वर्षांसाठी, आता इमारत पाडायची

बोरिवलीतल्या ४० सदनिकांच्या एका सोसायटीचे सचिव विचारतात: २०१९ साली आम्ही एका कंपनीशी २५ वर्षांचा सोलर करार केला. पॅनल कंपनीचे, गच्ची आमची. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्या विजेवर चालतात, युनिटमागे ठरलेला दर देतो. आता पुनर्विकास ठरलाय. करार पाचशेच्या स्टँपवर नुसता नोटरी केलेला आहे, तेव्हा तो आपोआप रद्दच ना?

रद्द नाही. या धर्तीचं या महिन्यातलं हे तिसरं पत्र, आणि तिघांचाही आधार तो पाचशेचा स्टँपच. अपुरा मुद्रांक हा भरून निघणारा दोष आहे. अशा करारातलं लवादाचं कलमही त्यामुळे मरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगून टाकलं. नोंदणी नसल्याचा मुद्दा जरा वेगळा. गच्ची भाडेपट्ट्याने दिली की नुसत्या परवान्याने, यावर तो ठरेल. युक्तिवाद करता येईल, पण इतकी वर्षं स्वस्त वीज वापरून झाल्यावर त्यावर मी पैज लावणार नाही.

तुमचा निकाल लागणार आहे तो बिल्डरने दिलेल्या विकास कराराच्या मसुद्यावर. त्यात सोसायटीचं एक निवेदन आहे: मालमत्तेवर कोणाही त्रयस्थाचा हक्क किंवा बोजा नाही, आणि तसा निघाल्यास विकासकाचं नुकसान सोसायटी भरून देईल. वरवर हे नेहमीचं कलम. पण तुमच्या गच्चीवर कंपनीचा २०४४ पर्यंत हक्क आहे. यावर सही केलीत की करार मध्येच मोडल्याचं कंपनीचं देणं तर राहीलच, वर खोटं निवेदन केल्याची भरपाई. ती कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डर देणार असलेल्या निधीतून, वळती होईल आणि सभासद तुम्हाला जिन्यात अडवतील.

म्हणून सही थांबवा. सोलर करार मसुद्यात उघड नमूद करा; कंपनीला द्यायची रक्कम बिल्डर भरेल, कॉर्पस आणि सभासदांना मिळणाऱ्या पर्यायी घराच्या भाड्याला हात न लावता, असं कलम घाला आणि ते विशेष सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के संमती घेतलीत, चांगलं केलंत. पण ती घेताना सभासदांना या देण्याबद्दल कोणी सांगितलेलं दिसत नाही. सहीआधी बिल्डरला तुमची गरज असते. नंतर फोनही त्याचा मॅनेजर उचलतो.

रक्कम किती? सोलर कराराच्या पान २३ वरच्या तक्त्यात प्रत्येक वर्षाची बायआउट किंमत, म्हणजे मुदतीआधी करार संपवून प्लांट विकत घ्यायची किंमत, आहे आणि ती दर वर्षी उतरते. कराराची वर्षपूर्ती जवळ असेल तर करार संपवण्याच्या नोटिशीची तारीख त्या हिशोबाने ठरवा. रक्कम अवाच्या सवा वाटली तर करार कायद्याचं कलम ७४ आहे: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. मात्र हा दंड नसून यंत्रसामग्रीची किंमत आहे, असं कंपनी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. लवादाचं ठिकाण गुरुग्राम आहे. तिथे तारखांना कोण जाणार, हे २०१९ साली एकाही कमिटी सदस्याच्या मनात आलं नाही? सेल्समनचं प्रेझेंटेशन मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं असणार. तडजोडच करा.

आणखी एक. सभासद घरं रिकामी करतील तेव्हा वीज वापर घटेल, पण ‘डीम्ड जनरेशन’चं कलम असेल तर न वापरलेल्या विजेचंही बिल येत राहील. शेवटचं कुटुंब बाहेर पडण्याआधी प्लांट बंद केल्याचं पत्र कंपनीकडून घ्या.

पान २३ चा फोटो पुन्हा पाठवा. सातव्या वर्षाच्या आकड्यावर तुमचं बोट आलंय.