हिप-हॉप बीटमध्ये पारंपरिक क्यूबन संगीत कसं मिसळावं?

तुम्ही लिहिलंय की ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब या जुन्या क्यूबन गायक-वादकांच्या अल्बममधले तुकडे कापून ठेवलेत, ९० च्या टेम्पोवर बीट बसवलाय, सगळं सुरात आहे, तरी "काहीतरी अडतंय", तर कुठलं प्लगइन घ्यावं? प्लगइनचं राहू द्या. तुमची क्लावे, म्हणजे क्यूबन तालाचा तो पाच ठोक्यांचा कणा, उलटी पडली असणार. ट्रॅक न ऐकता सांगतोय, कारण हाच घोळ माझ्या सख्ख्या भाच्याने घातलाय आणि त्यावरून आमची धुसफूस अजून चालू आहे.

मी ऑर्केस्ट्रात साइड रिदम वाजवतो. ढोलकी, तुंबा (म्हणजे काँगा), बोंगो, आणि पोटासाठी ऑक्टोपॅड. आमच्या लायनीत तुंबा म्हणजे कॅबरेचं गाणं आलं की पुढे ओढायचा आणि संपलं की मागे सारायचा. ब्युएना व्हिस्टाची सीडी मी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून आणली होती, दुकान चालू होतं तेव्हा. तुंब्यात डाव्या हाताला केवढं काम असतं ते त्यात ऐकायला मिळालं. डावा हात कातड्यावरून उठतच नाही. टाच-बोटं, टाच-बोटं असा डुलत राहतो, उजवा मध्येच एक चापट मारतो आणि शेवटी दोन मोकळे ठोके. बाहेरच्याला ते दोनच ऐकू येतात. बाकीचं सगळं कुजबुजत चाललेलं असतं, आणि झुलवतं ते तेच.

भाचा डोंबिवलीला घरातच बीट्स बनवतो. कान चांगला आहे, फक्त दुसऱ्याचं ऐकायला वापरत नाही. एका रविवारी फोन आला, "मामा, तुंबा घेऊन ये, हिप-हॉपमध्ये क्यूबन टाकतोय." जोडी घेऊन लगेजच्या डब्यातून गेलो. त्याने एका जुन्या सोनमधला (सोन हा क्यूबातला गाण्याचा प्रकार) त्रेसचा, म्हणजे तिथल्या तीन जोडतारांच्या गिटारीचा, फिरता तुकडा म्हणजे लूप लावला होता, खाली किक-स्नेअर, वर तयार आवाजांच्या कुठल्याशा लॅटिन पॅकमधली क्लावे. हेडफोन घातला, दोन फेऱ्या वाजवल्या आणि थांबलो. हातच पडेना. त्रेस एकीकडे ओढतोय, क्लावे दुसरीकडे.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोळा खण असतात ना, तेच घ्या. तीन-दोनची सोन क्लावे १, ४, ७, ११, १३ या खणांवर पडते. रुंबा क्लावेत फक्त तिसरा ठोका एक खण पुढे सरकतो, ७ चा ८ होतो. म्हणजे हिप-हॉपच्या एका बारमध्ये अख्खी क्लावे मावते, पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. गंमत इथेच होते. जुन्या सोनचे दोन बार तुमच्या एका बारात बसतात, त्यामुळे लूप अर्ध्यावरून कापला की तीन-दोनचं दोन-तीन होतं. दोन-तीन वाईट नाही, निम्मी गाणी त्याच बाजूने चालतात. पण मग सगळ्यांनी त्याच बाजूने चालायचं. भाच्याने लूप नेमका अर्ध्यावरून उचलला होता, कारण तिथे त्रेसचा पहिला सूर स्वच्छ मिळत होता, आणि वरची क्लावे तीन-दोनच ठेवली होती. क्यूबातले वादक याला 'क्रुसादो' म्हणतात आणि असं वाजवणाऱ्याकडे काय नजरेने बघतात ते विचारू नका.

मी टेबलावर वाजवून दाखवलं. म्हणाला, "मामा, ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण त्याची मान हलायची थांबते. तुम्हाला "अडतंय" असं वाटलं ना? तुम्हीही ऐकणारेच झालात की.

दुसरं भांडण बासवरून झालं. त्याने प्रत्येक बारच्या पहिल्या खणावर ८०८, म्हणजे ड्रम मशीनचा तो लांब घुमणारा बास, ठेवून दिला होता, खिडकीच्या काचा वाजतील असा. आता सोनमधला बास, ज्याला तुंबाओ म्हणतात, तो पहिल्या खणावर सहसा येतच नाही. तीन-दोनच्या त्याच सोळा खणांत तो ४, ७, १२, १५ वर असतो. ४ आणि ७ वर क्लावेला गाठतो, आणि ७ व १५ वर पुढच्या कॉर्डचा सूर आधीच लावून मोकळा होतो. आपण तबल्यावाले समेवर येऊन श्वास सोडणारी माणसं. इथे सम रिकामी ठेवायची आणि ऐकणाऱ्याने ती मनात भरायची. त्या रिकाम्या जागेत तुम्ही ८०८ चा धोंडा टाकलात की सोन मेला, मग वर ब्युएना व्हिस्टातल्या खुद्द कोम्पाय सेगुंदोचा आवाज लावा नाहीतर अजून कोणाचा. किक हवी तर पहिल्यावर आखूड ठेवा, पण लांब सूर ४ आणि ७ ला द्या. स्नेअर ५ आणि १३ वर असते ती तशीच राहू दे. १३ वर ती क्लावेच्या शेवटच्या ठोक्याला जाऊन भिडते आणि फार छान लागते.

माझा टेक त्याने घेतला, नंतर क्वांटाइज करून, म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरने खणाला चिकटवून, सरळ रेषेत उभा केला. माझे मोकळे ठोके किंचित मागे रेलतात, ते मुद्दाम असतं. छापून आल्यासारखे झाले. ट्रॅक टाकला, खाली आगीचे इमोजी आले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात तो मला ते इमोजी दाखवतो.

त्याचं आवडतं अस्त्र म्हणजे ओरिशास हा क्यूबन रॅप गट. "त्यांनीही ब्युएना व्हिस्टाचं 'चान चान'च उचललं ना?" उचललं. १९९९ च्या 'आ लो कुबानो' या अल्बममधलं '५३७ सी.यू.बी.ए.' हे गाणं कोम्पाय सेगुंदोच्या 'चान चान'वरच बेतलेलं आहे. (५३ हा क्यूबाचा फोन कोड, ७ हवानाचा. चिरंजीवांना वाटत होतं टेम्पो असेल.) पण ती माणसं कोण होती ते बघा. योतुएल आणि रुसो हे हवानात 'आमेनासा' या रॅप गटात होते, तिथून पॅरिसला गेले, आणि तिथे त्यांना रोल्दान भेटला, जो गिटार घेऊन सोन गाणारा माणूस. म्हणजे सोन त्यांनी पॅकमधून डाउनलोड केला नव्हता, गटातच एक गाणारा बसला होता. आलामारमधल्या काही रॅपर मंडळींना तेही परदेशी गिऱ्हाइकासाठी गोड केलेलं वाटलं. मला नाही वाटत. ते गाणं लावून क्लावेवर टाळी धरा, शेवटपर्यंत हात चुकत नाही. माझ्यासाठी विषय संपला.

आलामार म्हणजे हवानाच्या पूर्वेला असलेली सरकारी इमारतींची मोठी वसाहत. तिथली पोरं गच्चीवर अँटेना वळवून मायामीची रेडिओ स्टेशनं पकडायची. १९९५ पासून तिथे रॅपचा महोत्सव व्हायला लागला. सोव्हिएत मदत बंद पडल्यानंतरचा तंगीचा काळ, टर्नटेबल नाही, सॅम्पलर नाही, कॅसेटवर अमेरिकन इन्स्ट्रुमेंटल लावून त्यावर रॅप. मग पाब्लो एरेरासारख्या निर्मात्याने आणि ओब्सेसिओनसारख्या जोडीने घरचे ताल आत आणले. २००२ मध्ये तर सरकारने रॅपसाठी वेगळी एजन्सीच काढली, त्यावर मात्र न बोललेलं बरं. सांगायचा मुद्दा एवढाच की तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे त्याच्या शंभराव्या हिश्श्याचं सामान नसताना त्या पोरांची क्लावे पडली नाही.

आणि "दोन वेगळी जगं जोडतोय" हा आव आणू नका. हिप-हॉपच्या जन्मापासून तुंबा त्यात आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क हा डीजे जो ब्रेक, म्हणजे गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, पुन्हा पुन्हा फिरवायचा, तो इन्क्रेडिबल बोंगो बँडच्या १९७३ च्या 'अपाची'तला. ड्रमसेटच्या जोडीला बोंगो आणि तुंबा.

रॅपर लिहिणारा असेल तर त्याला देसिमा ऐकवा. दहा ओळी, प्रत्येकी आठ मात्रांची, म्हणजे आपल्या छंदातल्या मात्रा नव्हेत, उच्चारातली अक्षरं धरा. यमक अ-ब-ब-अ-अ-क-क-ड-ड-क. क्यूबाच्या खेड्यांत दोन कवी समोरासमोर बसून हे जागच्या जागी रचतात, कधी शेवटची ओळ लोक देतात आणि कवीने बरोबर तिच्यावर येऊन थांबायचं असतं. कलगी-तुऱ्याचा फड बघितलेल्या माणसाला हे समजावायला लागत नाही. भाच्याच्या रॅपरने मात्र "हवाना, बहाना, जमाना" अशी मोट बांधली होती.

आता थोडं सबुरीनं घ्या. वर मी क्लावे-क्लावे केलं, पण अख्खं क्यूबन संगीत तिच्यावर चालत नाही. ग्वांतानामोकडचा चांग्वी घ्या, त्यात क्लावे वाजतच नाही. त्रेस, बोंगो, माराकास (खुळखुळे), ग्वायो (घासून वाजवायचं पत्र्याचं वाद्य) आणि मारिंबुला (बास देणारी पट्ट्यांची पेटी) एवढ्यावर काम. तिथून सॅम्पल घेणार असाल तर माझे खण बाजूला ठेवा आणि त्रेसचा मागोवा घ्या. बाटा ढोल मात्र विचार करून वापरा. ते तीन असतात, दोन्ही तोंडांनी वाजतात, आणि सांतेरिया या क्यूबन धर्माच्या पूजेत ओरिशा देवतांसाठी वाजवले जातात. क्लबच्या ड्रॉपखाली ते घुसवू नये असं माझं मत आहे, क्यूबातल्या बऱ्याच कलाकारांनी ते रॉकपासून रॅपपर्यंत वापरलेत हेही खरं. आणि ब्युएना व्हिस्टाचा तुकडा परवानगीशिवाय लावून ट्रॅक विकायला काढू नका. 'चान चान' म्हणजे चार कॉर्डची चाल आहे, डी मायनर, एफ, जी मायनर, ए. त्याच कॉर्डवर कुणाकडून तरी स्वतःचं काहीतरी वाजवून घ्या, स्वस्त पडेल.

हे उत्तर भाचाही वाचणार, कुणीतरी त्याला पाठवेलच. तर ऐक रे, तो ट्रॅक अजून सुधारतो. लूप आठ खण सरकव, ८०८ पहिल्यावरून उचल, आणि माझा मूळ टेक तुझ्या हार्ड डिस्कवर आहे तो न ताणता न कापता लाव. सापडत नसेल तर परत येतो वाजवायला, पण या वेळी टॅक्सीचे पैसे तुझे.