चिखलात पळायला लागलीस म्हणून

पहिल्याच क्रॉस-कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या शर्यतीत, ४१वी आलीस म्हणून रडू नकोस गं. ट्रॅकवरचं घड्याळ इथे विसरायचं. चढ, ओलं गवत, वळणावरची निसरड, यात किलोमीटरचा वेळ पाहून काहीच कळत नाही. श्वासावर पळायचं.

नॉर्वेच्या ग्रेटे वाइत्झबद्दल वाच. १९७८, ७९, ८०, ८१ आणि ८३ अशी पाच वेळा ती क्रॉस-कंट्रीची जगज्जेती झाली. मधल्या १९८२ साली तिसरी आली, पुढच्या वर्षी पुन्हा पहिली. ऑस्लोत ती शाळेत शिकवायची आणि सराव पहाटे, शाळेच्या आधी उरकायची. तिथली थंडी आठव, मग आपल्याकडच्या पावसाची तक्रार कर!

१९७८मध्येच नवऱ्याच्या आग्रहाने ती न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरली. तोवर इतकं लांब कधी पळालेलीच नव्हती. वेळ लागला २ तास ३२ मिनिटं ३० सेकंद, म्हणजे थेट जागतिक उच्चांक. पाय इतके दुखले की चिडून तिने बूट काढून नवऱ्याच्या दिशेने भिरकावले. पुढे तीच शर्यत तिने एकूण नऊ वेळा जिंकली.

पण म्हणून तू लगेच मॅरेथॉनचा फॉर्म भरू नकोस. तिच्यामागे ट्रॅकवरची कितीतरी वर्षं होती, ३००० मीटरचा जागतिक विक्रमसुद्धा. तू सध्या आठवड्यातून एकदा टेकडी कर, चढावर पावलं आखूड ठेव, उतारावर मागे रेलू नकोस. आणि हो, स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, धुऊन वाळव, नाहीतर महिन्यात गंजतील.