सव्वाचारावरून पावणेसहा

गेल्या वेळी हिल्डा सोलिस यांचा ओझरता उल्लेख केला होता : अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात किमान वेतनासाठी लढलेल्या आणि पुढे ओबामांच्या कामगारमंत्री झालेल्या लॅटिना पुढारी. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : लॅटिना म्हणजे जात की धर्म? त्या राखीव जागेवरून निवडून आल्या का? (सांगली)

दोन्ही नाही. जिची मुळं लॅटिन अमेरिकेत, ती लॅटिना. सोलिस यांचे वडील मेक्सिकोचे, आई निकाराग्वाची. तिकडे आपल्यासारख्या राखीव जागा नसतात. १९८५मध्ये त्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर निवडून आल्या, १९९२मध्ये राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे खालच्या सभागृहात गेल्या आणि १९९४मध्ये वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमधल्या त्या पहिल्या लॅटिना.

प्रश्न : कामगारांचा कैवार सगळेच पुढारी घेतात. यांचं वेगळं काय? (पुणे)

घर बघा. वडील जुन्या बॅटऱ्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, युनियनच्या कामात पुढे. तिथेच शिसं अंगात भिनलं. आई खेळण्यांच्या कारखान्यात वीसेक वर्षं असेंब्ली लाइनवर उभी. घरात सात मुलं. शाळेतल्या एका समुपदेशकाने आईला सांगितलं, ही काही कॉलेजात जाण्यातली नाही, थोरलीसारखी सेक्रेटरी होऊ दे. दुसरा समुपदेशक मात्र घरी येऊन तिच्याबरोबर कॉलेजचा अर्ज भरायला बसला. (सगळे पहिल्याचीच गोष्ट सांगतात, मला हा दुसरा जास्त मोलाचा वाटतो.) पुढे १९९९मध्ये, प्रदूषणाचा भार गरीब वस्त्यांच्याच माथी पडू नये यासाठी त्यांनी कायदा करवून घेतला. शिशाचं दुखणं त्यांनी घरात पाहिलेलं होतं.

प्रश्न : किमान वेतनाचं विधेयक राज्यपालांनी फेटाळलं, तरी वेतन वाढलं, असं तुम्ही लिहिलंत. कसं? (नागपूर)

आधी एक गोष्ट : तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकणारा. १९९५मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी ताशी ४.२५ डॉलरचं वेतन ५.७५ करणारं सोलिस यांचं विधेयक नामंजूर केलं. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. ती कुठून आणणार? पण कॅलिफोर्नियात ठरावीक सह्या जमवल्या की कायदा थेट मतपत्रिकेवर ठेवता येतो. बाईंनी स्वतःच्या निवडणूक निधीतले ५० हजार डॉलर या मोहिमेत घातले. पुढच्या निवडणुकीसाठी राखलेले पैसे असे ओतणारा आमदार मी तरी क्वचितच पाहिलाय. नोव्हेंबर १९९६मध्ये लोकांनी ही वेतनवाढ, मतपत्रिकेवरचा प्रस्ताव २१०, मंजूर केली. मार्च १९९७पासून ५ डॉलर, मार्च १९९८पासून ५.७५.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९९५मध्ये, एल मॉंटे गावात काटेरी तारांच्या कुंपणाआड कोंडून शिवणकाम करून घेतलेले ७२ थाई कामगार सोडवले गेले. कपड्यांच्या कारखान्यांमधल्या या पिळवणुकीवर सोलिस यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या.

प्रश्न : दीड डॉलरने असा काय फरक पडतो? (न्यू जर्सी)

तुम्हाला पडत नसेल! आठवड्याचे ४० तास धरा : ६० डॉलर झाले. १७० डॉलरवर आठवडा काढणाऱ्या घरात हे ६० कुठे जातात, ते सांगायला नको.

प्रश्न : ओबामांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काय केलं? (ठाणे)

२००९ ते २०१३ त्या कामगारमंत्री होत्या. घरोघरी जाऊन वृद्धांची, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइम देण्याचा नियम त्यांच्या काळात मांडला गेला. पक्का झाला तो त्या गेल्यावर. युनियन उभारणं सोपं करणारं जे विधेयक त्या आधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, असताना उचलून धरत, ते मात्र पार पडलं नाही. माझ्या मते त्यांचं खरं काम राज्यातलंच.

२०१४मध्ये त्या लॉस एंजेलिस काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कारभार पाहणाऱ्या पाचजणांच्या मंडळावर निवडून आल्या. पुढच्याच वर्षी काउंटीच्या थेट कारभाराखालच्या भागात किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करण्याचा ठराव आला. तीन विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला. तिघांतलं एक मत त्यांचं.